स्क्रूवरचं लाकडी बूच: प्लग कटरने कसं कापायचं, कसं बसवायचं

सागवानाच्या बाकावर किंवा टेबलावर स्क्रूची डोकी उघडी नको असतील, तर नवखा माणूस आधी लांबीचा, म्हणजे पुटीचा डबा शोधतो. नाहीतर भुसा आणि फेव्हिकॉल कालवून भोकात दाबतो. काही दिवस ते बरं दिसतं. मग पॉलिश चढतं आणि प्रत्येक स्क्रूच्या जागी मातकट ठिपका उठून दिसतो, कारण लांबीला रेषे नसतात आणि ती लाकडासारखं पॉलिश पीत नाही. भुशातला फेव्हिकॉल तर पॉलिशला आत शिरूच देत नाही.

यावर जुना आणि भरवशाचा उपाय म्हणजे त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यातून कापलेलं गोल लाकडी बूच. ते कापणारं पातं म्हणजे प्लग कटर. साधं आणि स्वस्त हत्यार आहे. हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात तीन-चार मापांचा संच मिळतो. पण एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. बूच भोकात ठोकणं हे या कामातलं सगळ्यात सोपं टोक आहे. ते नजरेआड होणार की नाही, हे त्याआधीच ठरलेलं असतं: ते कुठल्या तुकड्यातून कापलं आणि रेषे कुठल्या दिशेला ठेवून कापलं, यावर.

डॉवेलचा तुकडा का चालत नाही

बाजारात तयार डॉवेल, म्हणजे लाकडी गोल दांड्या मिळतात. त्यातला तुकडा कापून भोकात बसवला की झालं, असं वाटणं साहजिक आहे. पण डॉवेलमध्ये रेषे लांबीच्या दिशेने धावतात. तो भोकात उभा बसतो, म्हणजे वरून दिसतं ते रेष्यांचं तुटकं टोक. अशी टोकं पॉलिश आणि तेल भराभर शोषतात आणि काळी पडतात. रंग कितीही जुळवा, गोल ठिपका उरतोच.

दुसरं कारण पावसाळ्याचं. लाकूड ओलावा घेऊन फुगतं ते रेष्यांना आडवं. लांबीच्या दिशेने जवळजवळ नाहीच. फळीतलं भोक त्यामुळे एकाच दिशेने ताणलं जातं, पण उभा डॉवेल चारही बाजूंनी फुगतो. दोघांची हालचाल जुळत नाही आणि दोन-तीन पावसाळ्यांनंतर बुचाभोवती केसासारखी फट किंवा उंचवटा दिसू लागतो. प्लग कटरने फळीच्या सपाट पृष्ठभागातून कापलेल्या बुचात रेषे आडवे असतात, फळीतल्यासारखेच. ते फळीच्या रेष्यांना समांतर बसवलं की दोन्ही एकाच दिशेने हलतात.

होल सॉ, म्हणजे मोठं गोल भोक पाडणारी करवत वापरता येईल का, असंही बरेच जण विचारतात. त्याच्या मधोमध गिरमिटासारखं ड्रिल असतं, त्यामुळे निघालेल्या चकतीला मधे भोक पडतं. बुचासाठी तो उपयोगाचा नाही.

कटर घेताना

मुख्यतः दोन प्रकार दिसतात. एक सरळ नळीसारखा, ज्यातून सगळीकडे सारख्याच जाडीचं बूच निघतं. दुसरा निमुळता, साधारण चार पात्यांचा. त्यातलं बूच एका टोकाला किंचित बारीक आणि बुडाशी किंचित जाड असतं. घेणार असाल तर निमुळता घ्या. निमुळतं बूच ठोकत गेलं की पाचरीसारखं भोकाच्या काठाला घट्ट भिडतं आणि भोक एखाद्या केसाने मोठं झालं असेल तरी फट झाकली जाते. सरळ बुचाला ही मुभा नाही. तिथे भोक आणि बूच तंतोतंत जुळावं लागतं.

बुडाचा दांडा तुमच्या ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात बसतो का ते पाहा. छोट्या घरगुती ड्रिलचा चक बहुधा १० मिमीचा असतो, मोठ्या यंत्राचा १३ मिमीचा. पात्याच्या धारेवर नख हलकेच टेकवून बघा. धार नखावर अडकली पाहिजे, घसरता कामा नये. स्वस्त संचांतले कटर बऱ्याचदा बोथटच येतात. बारीक डायमंड कानशीने पात्याची फक्त सपाट बाजू चार-पाच वेळा घासली की ते कामाला लागतात. आतली गोलाई आणि बाहेरची कड मात्र कानशीने कधीच घासू नका. आतली बाजू घासली तर बुचाचं मापच बदलतं.

मिलिमीटर आणि इंच यांची गल्लत

आपल्याकडे या कामातली निम्मी बिघाडी इथे होते. दुकानात कटर इंचाचा मिळतो, घरात ड्रिल बिट मिलिमीटरचं असतं. ३/८ इंच म्हणजे ९.५ मिमी. त्या कटरचं सरळ बूच १० मिमीच्या भोकात टाकलं, तर ते खुळखुळतं. अर्धा मिलिमीटर फट म्हणजे पॉलिशनंतर काळी वर्तुळाकार रेघ. १/२ इंच म्हणजे १२.७ मिमी, त्यामुळे ते बूच १२ मिमीच्या भोकात शिरणारच नाही आणि जबरदस्ती केली तर फळी तडकेल. ५/१६ इंच आणि ८ मिमी मात्र जवळजवळ एकच (७.९४ मिमी), तसंच ५/८ इंच आणि १६ मिमी. ही दोन मापं एकमेकांना चालून जातात. बाकी कुठेही कटर आणि बिट एकाच मापपद्धतीतले घ्या.

बुचाचं माप स्क्रूच्या डोक्यावरून ठरतं. आपल्याकडे स्क्रू ३५×८, ५०×८ असे मागतात. पहिला आकडा लांबी, दुसरा नंबर. ६ नंबरच्या स्क्रूचं डोकं साधारण ७ मिमी असतं, त्याला ८ मिमीचं बूच. ८ नंबरचं डोकं साडेआठ मिमीच्या आसपास, त्याला १० मिमी. १० नंबरचं डोकं जवळपास १० मिमी भरतं, म्हणून त्याला १२ मिमी. डोक्याभोवती थोडी मोकळीक हवी, नाहीतर स्क्रू आवळताना डोकं भोकाचा काठ ओरबाडतं.

पुढची सगळी मापं एकाच उदाहरणावर देतो: २० मिमी जाड सागवानी फळ्यांचं बाक, ३५×८ चे स्क्रू, १० मिमीची बुचं. बैठकीला चार फळ्या, प्रत्येक फळी खालच्या तीन आडव्या पट्ट्यांवर, प्रत्येक ठिकाणी दोन स्क्रू. म्हणजे २४ बुचं.

स्क्रूचं भोक: क्रम चुकवू नका

आधी बुचाचं रुंद भोक, मग स्क्रूच्या मानेचं भोक, शेवटी खालच्या पट्टीतलं बारीक भोक. हा क्रम उलटा केला तर पंचाईत होते. फोर्स्टनर (सपाट तळाचं भोक पाडणारं बिट) किंवा टोकदार बिटाची मधली अणी लाकडात रुतूनच बिट जागेवर राहतं. तिथे आधीच भोक असेल तर अणीला धरायला काही उरत नाही, बिट भटकतं आणि काठ अंडाकृती होतो.

रुंद भोकासाठी १० मिमीचं फोर्स्टनर बिट सर्वांत चांगलं. नाहीतर लाकडासाठी मिळणारं, मधे अणी आणि कडेला दोन नख्या असलेलं बिट. लोखंडासाठीचं साधं ड्रिल बिट इथे वापरू नका. ते आत शिरताना काठावरचे रेषे उचकटतं. बूच कितीही नेटकं असलं तरी तो उचकटलेला काठ भरून निघत नाही.

खोली ८ ते ९ मिमी ठेवा. बिटावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण केली की अंदाज चुकत नाही. ६ मिमीपेक्षा उथळ भोकातलं बूच नीट धरत नाही, छाटताना उपटून येतं. फार खोल गेलात तर स्क्रूच्या डोक्याखाली लाकूडच उरत नाही. २० मिमीच्या फळीत ८ मिमी खोदल्यावर खाली १२ मिमी उरतात, तेवढे पुरेसे आहेत. ३५ मिमीच्या स्क्रूचे २३ मिमी मग खालच्या पट्टीत जातात.

नंतर त्याच केंद्रातून फळीला ४.५ मिमीचं आरपार भोक पाडा आणि खालच्या पट्टीत ३ मिमीचं. आंबा किंवा पाइनसारख्या मऊ लाकडात २.५ मिमी चालेल. बुचाच्या भोकाचा तळ सपाट असतो आणि साध्या स्क्रूचं डोकं खालून निमुळतं, म्हणून तळाशी काउंटरसिंक बिटाने थोडी खोबण करा. ती केली नाही तर डोकं पाचरीसारखं लाकूड फाकवतं. फळीच्या टोकाजवळ तर हमखास.

बाक बाहेर, अंगणात किंवा गच्चीत राहणार असेल तर स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या. समुद्राजवळ ३१६ ग्रेडचे. लोखंडी स्क्रू गंजला की त्याचा ओला गंज सागवानातल्या टॅनिनशी मिळून काळाशार डाग पाडतो. तो डाग बुचाच्या खालून वर येतो आणि मग पॉलिश खरवडूनही जात नाही.

बुचांसाठी तुकडा निवडणं

इथे वेळ घालवा. बाकासाठी फळ्या कापताना जे तुकडे उरतात, ते फेकू नका आणि कुठल्या फळीचा कुठला तुकडा हे पेन्सिलने लिहून ठेवा. शक्यतो त्याच फळीचं बूच त्याच फळीला. सागवान दोन झाडांचं असेल तर एक पिवळसर आणि एक तांबूस निघू शकतं, आणि नवं कापलेलं सागवान उन्हात काही दिवस राहिल्यावर रंग बदलतं. म्हणून रंग जुळतो का हे पाहायचं असेल तर दोन्ही तुकडे ताजे रंधून, ओल्या फडक्याने पुसून शेजारी ठेवा. ओलं लाकूड जसं दिसतं, साधारण तसंच ते पॉलिशखाली दिसेल.

तुकड्यावर रेषे सरळ आणि समांतर असलेला भाग निवडा. गाठीच्या भोवतीचा, वळणावळणाचा भाग आणि कडेचा पांढुरका भाग सोडून द्या. लहानशा वर्तुळात वाकडी रेष आली की डोळा तिथेच जातो. उलट ज्या फळीवर डोंगरासारखी नक्षी आहे, तिथे बसवायचं बूचही तशाच नक्षीच्या कडेच्या, थोड्या तिरक्या भागातून कापा.

एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. निमुळत्या कटरचं बूच उलटं बसतं. तुकड्याच्या वरच्या पृष्ठभागाकडचं बारीक टोक भोकात जातं आणि जाड बूड वर राहतं. छाटल्यावर दिसतो तो तुकड्याच्या आतला, पृष्ठभागापासून ८ मिमीच्या आसपास खालचा थर. त्यामुळे वरची सुंदर नक्षी पाहून जागा ठरवण्यात अर्थ नाही. तुकड्याची कड बघा. तिथे रेषे पृष्ठभागाला समांतर आहेत की खाली बुडत चालले आहेत, ते दिसतं. समांतर असतील तो तुकडा घ्या. आतही तशाच रेषा मिळतील आणि छाटताना बूच खोल तुटणार नाही.

ओलावाही बघा. बुचाचा तुकडा फळीपेक्षा ओला असेल तर बसवल्यावर आकसेल आणि फट पडेल. थोडा जास्त कोरडा असेल तर उत्तम, तो बसल्यावर फुगून घट्ट होतो. पावसाळ्यात काम करत असाल तर कापलेली बुचं झाकणाच्या डब्यात कोरड्या, उबदार जागी दोन दिवस ठेवा आणि लागतील तशीच बाहेर काढा.

२४ बुचांसाठी ३६ कापा. काही तुटतील, काहींची रेष पसंत पडणार नाही. १० मिमीच्या कटरचा बाहेरचा व्यास कटरगणिक बदलतो, पण साधारण १५-१६ मिमी भरतो. तुमचा मोजून घ्या आणि दोन केंद्रांत त्याहून ४ मिमी जास्त अंतर ठेवा, इथे २० मिमी. ७० मिमी रुंद पट्टीवर तीन ओळी, प्रत्येकीत १२ बुचं. त्याला ३५० मिमी लांबी पुरते आणि क्लॅम्प लावायला दोन्ही टोकांना जागाही उरते. पट्टी २० मिमी जाड. याहून छोटा तुकडा हातात धरून कापायचा विचारही करू नका.

खतावणीने (कडेला समांतर रेघ मारायच्या सुतारी हत्याराने) पट्टीवर रेष्यांच्या दिशेने तीन लांब रेघा मारा, मग आडव्या खुणा करा. त्या रेघा बुचांच्या डोक्यावर राहिल्या की नंतर रेष्यांची दिशा शोधत बसावं लागत नाही. शिवाय एका ओळीतली शेजारशेजारची बुचं एकाच रेषेतली असतात. एकाच फळीवरच्या ओळीतल्या सहा स्क्रूंना त्याच क्रमाने ती बसवली तर फारच सुरेख जुळतात.

कापणं

बेंच ड्रिल, म्हणजे टेबलावर बसवलेलं उभं ड्रिल असेल तर काम सोपं. प्लग कटरला मधे अणी नसते, त्यामुळे तो लाकडावर टेकताच भटकायला बघतो. यंत्राचा दांडा आणि घट्ट आवळलेली पट्टी त्याला भटकू देत नाही. पट्टीखाली भंगार फळी ठेवा, क्लॅम्प लावा, खोलीची अडवणी १२ मिमीवर बसवा. पट्टी २० मिमीची, म्हणजे खाली ८ मिमी लाकूड राहतं आणि बुचं जागेवरच धरून ठेवतं. आरपार गेलात तर सुटं बूच कटरमध्येच अडकून बसतं आणि ते काढताना धारेची वाट लागते.

निमुळता कटर पूर्ण खोलीपर्यंत न्यायलाच हवा. बऱ्याच कटरमध्ये आत तळाशी लहानसा उतार असतो. तो बुचाचा वरचा काठ तासतो आणि त्यामुळे ते भोकात सहज शिरतं. अर्धवट कापलेल्या बुचाला हा काठ मिळत नाही.

वेग मिनिटाला १००० ते १२०० फेऱ्यांपासून सुरू करा. १६ मिमीच्या कटरला ८०० पुरे. ३-४ मिमी आत गेलात की कटर वर घ्या, भुसा झटका, पुन्हा खाली. हे विसरलात तर भुसा नळीत दाबून बसतो, घासून तापतो, धूर येतो आणि बुचाची बाजू काळी पडते. जळालेल्या बाजूवर फेव्हिकॉल नीट धरत नाही. भुसा झटकूनही जळत असेल तर कटर बोथट आहे किंवा वेग जास्त आहे. जोर लावून काहीही साधणार नाही. आधी धार बघा. पातं निळसर पडलं असेल तर त्याचं पाणी उतरलं, अशी धार मग टिकत नाही.

बेंच ड्रिल नसेल तर हातातल्या ड्रिलनेही जमतं, पण मार्गदर्शक पाटी लागतेच. १८ मिमी प्लायच्या तुकड्याला कटरच्या बाहेरच्या व्यासाएवढं भोक पाडा, तो तुकडा पट्टीवर क्लॅम्पने दाबा आणि कटर त्या भोकातूनच उतरवा. प्रत्येक बुचासाठी पाटी सरकवावी लागते, वेळ जातो. तरी दहा-बारा बुचांसाठी हे परवडतं. ड्रिल डुललं की बूच एका अंगाला बारीक होतं, तेव्हा कोपरे अंगाला चिकटवून, दोन्ही हातांनी सरळ दाबा.

हातमोजे घालू नका, फिरत्या चकमध्ये ते अडकतात. ओढणी, सैल बाह्या, मोकळे केस आवरा. चष्मा आणि धुळीचा मास्क लावा. सागवानाच्या भुशाने काहींना खाज सुटते, शिंका येतात.

बुचं सुटी करणं

घाईची रीत म्हणजे चपट्या पेचकसाचं टोक खाचेत घालून बूच रेष्यांच्या दिशेने ढकलणं. रेषे आडवे असल्याने ते बुडाशी टचकन तुटतं. चार-सहा बुचांसाठी ठीक आहे. पण रेषे तिरके असतील तर तुटही तिरकी जाते, बूच एका बाजूला आखूड पडतं आणि छाटताना खड्डा उरतो.

जास्त बुचं असतील तर पट्टीच्या वर, बुचांच्या डोक्यांवरून, कागदी मास्किंग टेप घट्ट दाबून लावा. मग पट्टी कडेवर उभी धरून वाइसमध्ये पकडा आणि कापलेल्या खाचांच्या तळाच्या किंचित वरून करवतीने उभी चिरा. बँडसॉ असेल तर पाच मिनिटांचं काम. सगळी बुचं टेपला चिकटून, ओळीत, आपापल्या दिशेने राहतात. ती तशीच ठेवा आणि बसवताना एकेक काढा. टेबल सॉवर ही चिराई करू नका. सुटलेलं बूच पातं आणि पट्टी यांच्यात अडकून उडतं.

बसवणं

आधी एका भंगार तुकड्यात तेच बिट चालवून एक बूच फेव्हिकॉलशिवाय ठोकून बघा. निमुळतं बूच स्क्रूच्या डोक्याला टेकायच्या आधी भोकाच्या काठाला भिडलं पाहिजे. आधी तळाला टेकत असेल तर बारीक टोक मिलिमीटरभर छाटा किंवा भोक तेवढं खोल करा. नाहीतर काठाशी फट राहील आणि ठोकून ठोकूनही ती मिटणार नाही.

स्क्रू सगळे आवळून घ्या, एकदा फिरून तपासा. भोकातला भुसा फुंकून किंवा ब्रशने काढा. सागवानात नैसर्गिक तेल असतं. बाहेरच्या कामासाठी भोक आणि बूच थिनरच्या फडक्याने पुसून, सुकवून मगच चिकटवा. घरातल्या सामानाला फेव्हिकॉल एसएच, बाहेरच्याला फेव्हिकॉल मरीन.

फेव्हिकॉल थोडा, आणि तोही भोकाच्या भिंतीला, काडीने फिरवून. भोक भरून ओतू नका. बंद भोकात जास्तीचा फेव्हिकॉल कुठे जाणार? तो बूच वर ढकलतो, किंवा ठोकलं की फळीला चीर देतो. वर ओघळलेला भाग लगेच ओल्या फडक्याने पुसा. तो लाकडाच्या छिद्रांत सुकला तर तिथे पॉलिश लागत नाही आणि बुचाभोवती फिकट कडं उमटतं.

बारीक टोक खाली धरून, त्या टोकावरची खूण किंवा बुडावर दिसणाऱ्या रेषा फळीच्या रेषांना समांतर करा. इथे घाई नको. खाली बसून, प्रकाश तिरका पडेल असं बघा. ९० अंशांनी फिरलेलं बूच रंग तंतोतंत जुळूनही लांबून दिसतं, कारण उजेड त्यावर वेगळा चमकतो. मग मोगरीने किंवा लाकडी ठोकळा मधे ठेवून हातोडीने हलके दोन-तीन टोले द्या. आवाज पोकळ असतो तो एकदम भरीव होतो. तिथे थांबा. पुढचा टोला बूच चिरडतो. फेव्हिकॉलचं पाणी मिळालं की बूच फुगतं, म्हणून लावल्यावर लगेच ठोका. २४ ही भोकांत एकदम फेव्हिकॉल लावून ठेवू नका.

आता रात्रभर हात लावू नका.

छाटणं

वर आलेलं बूच पटाशीने एका घावात उडवायचा मोह होतो, आणि नेमकं तिथेच चांगलं काम वाया जातं. रेषे खाली बुडत असतील तर चीर पृष्ठभागाच्या खाली उतरते आणि बुचाचा कोपरा खड्ड्यासकट निघतो.

आधी करवत. फ्लश करवत मिळाली तर घ्या, तिच्या दातांना वाकण नसतं, म्हणून ती फळीवर ओरखडे पाडत नाही. साधी बारीक दातांची करवत असेल तर जुन्या प्लास्टिक कार्डाला बुचाएवढं भोक पाडून ते बुचावर बसवा आणि करवत कार्डावरून चालवा. बूच अर्धा-पाऊण मिलिमीटर वर राहील. त्यानंतर धारदार पटाशी, सपाट बाजू फळीवर टेकवून, वरचा पापुद्रा एका बाजूने हलकाच काढा. कपची वर चढत निघाली तर दिशा बरोबर. खाली बुडायला लागली तर थांबा आणि समोरच्या बाजूने या. कागदासारखे पापुद्रे काढत फळीच्या पातळीला या. छोटा रंधा चालवता येत असेल तर तोही चांगला.

शेवटी पॉलिशपेपर, १२० मग १८० मग २२०, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, रेष्यांच्या दिशेने. फक्त बुचावर घासू नका, आजूबाजूचा हातभर भाग सोबत घ्या. ग्राइंडरला पेपरची चकती लावून बूच उतरवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. तिने काम भरभर होतं, पण बुचाभोवती उथळ बशी तयार होते. पॉलिशच्या आधी ती दिसत नाही, चमक आल्यावर प्रत्येक बशीत उजेड साचतो.

विनियर लावलेल्या प्लायवर हे सगळं करू नका. विनियर साधारण अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून पातळ असतं, बूच सपाट होईस्तोवर ते घासून जातं. सनमायक्यावर तर प्रश्नच नाही; तिथे रंग जुळणारी टोपी बरी.

थोडी फट राहिलीच, तर बूच छाटायच्या आधी बघा. ओल्या फडक्याचा तुकडा त्यावर पाच मिनिटं ठेवला की बूच किंचित फुगतं आणि केसाएवढी फट मिटते. मोठी असेल तर बूच काढून दुसरं बसवा. लांबी भरू नका.

जुन्या वाड्याचं सागवान

पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि तक्तपोशीचं सागवान पुन्हा वापरायचं असेल तर प्लग कटरचं महत्त्व आणखी वाढतं. त्या लाकडात खिळ्यांची भोकं असतात आणि भोवती लोखंडाचा काळा डाग पसरलेला. आधी जोरकस लोहचुंबक फिरवून तुटका खिळा आत राहिलेला नाही ना, ते तपासा. त्यावर कटर किंवा बिट गेलं तर धार गेलीच. खिळा निघाल्यावर पूर्ण काळा भाग निघेल एवढं रुंद भोक फोर्स्टनरने पाडा, बहुतेक वेळा १२ किंवा १६ मिमी. बूच त्याच तुळईच्या टोकातून कापा. नव्या सागवानाचं बूच जुन्यात बसवलं तर पॉलिशखालीही फिकं राहतं. डाग मोठा असेल तर एकमेकांत किंचित शिरणारी दोन बुचं: पहिलं बसवून, सुकवून, सपाट करून, त्याचा कड कापतच दुसऱ्याचं भोक पाडायचं. इथे मार्गदर्शक पाटीशिवाय बिट पहिल्या बुचावर घसरतं.

डाग लपवायचा नसेल, उलट बूच दाखवायचं असेल, तर सागवानात शिसवीचं गडद बूच सुंदर दिसतं. मग मात्र सगळी भोकं दोरीने एका रेषेत आखा. उठून दिसणारं बूच दोन मिलिमीटर सरकलं तरी चुकलेलं कळतं.

पुढे कधी स्क्रू आवळायचा असेल तर

बाक दोन-चार वर्षांनी सैल होऊ शकतं. ज्या जोडाला उघडावं लागेल असं वाटतं, तिथे फेव्हिकॉलऐवजी वार्निशचा किंवा शेलॅकचा पातळ थर लावून बूच बसवा. लाकडी बोटींच्या डेकवर बुचं वार्निशमध्ये बसवण्याची पद्धत याच कारणाने आहे. काढताना बुचाच्या मधोमध ३ मिमीचं भोक स्क्रूच्या डोक्यापर्यंत पाडा आणि त्यात एक साधा स्क्रू पिळा. त्याचं टोक खालच्या स्क्रूच्या डोक्याला टेकलं, की पुढच्या प्रत्येक आट्याला बूच वर सरकतं आणि भोकाचा काठ शाबूत राहतो. पटाशीने कोरून काढलंत तर काठ फाटतो आणि मग एक माप मोठं बूच घ्यावं लागतं.

उरलेली आठ-दहा बुचं टाकू नका. छोट्या पाकिटात घालून, वर लाकूड आणि माप लिहून, बाकाच्या खालच्या पट्टीला चिकटवून ठेवा. त्याच फळीचं बूच नंतर कुठल्याही दुकानात मिळत नाही.